बारा लाख आणि बारा खाडे

मा. उपमुख्यमंत्री व वित्तमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

८ मार्च २०२५

सविनय नमस्कार.

परवा सोमवारी आपण राज्याचा अर्थसंकल्प मांडणार. भाषण एव्हाना छापूनही झालं असेल आणि माझ्या पत्रामुळे त्यातली एकही ओळ हलणार नाही, हे मला कळतं. तरी लिहितोय, कारण काल पगार झाला आणि खिडकीवर जे झालं ते डोक्यातून जात नाही.

मी भोसरी एमआयडीसीत एका लेबर काँट्रॅक्टरच्या ऑफिसात पगारपत्रकं करतो. २०१४ पासून हेच काम. आमची माणसं चार कंपन्यांत आहेत, हाउसकीपिंग, कँटीन आणि मालाची चढउतार. झाडून सगळी किमान वेतनावर. किमान म्हणजे मूळ वेतन, विशेष भत्ता आणि घरभाडं मिळून महिन्याला साडेतेरा हजारांच्या आसपास, तेही सव्वीस हजेऱ्या पूर्ण भरल्या तर.

१ फेब्रुवारीला दुपारी कँटीनच्या टीव्हीवर दिल्लीचं बजेट चालू होतं. बारा लाखांपर्यंत आयकर शून्य, ही पट्टी सरकायला लागली तशा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे स्टाफचे लोक होते, त्यांचं बरोबरच होतं. पण टेबलं पुसणारे एक मामाही हसत होते. संध्याकाळी ते माझ्या खिडकीशी आले. "साहेब, बारा लाखापर्यंत माफ झालं म्हणतात. म्हणजे आपले ते दोनशे आता बंद ना?"

मी समजावलं. ते आयकराचं, तुमचा कापतो तो व्यवसाय कर. तो दिल्लीचा, हा मुंबईचा. मामांनी मान हलवली, कारकुनापुढे माणसं हलवतात तशी.

काल ७ तारखेला फेब्रुवारीची पगारस्लिप हातात पडली. मामा परत आले. काही बोलले नाहीत, फक्त 'पीटी'च्या, म्हणजे व्यवसाय कराच्या, रकान्यावर बोट ठेवलं. तिथे ३०० लिहिलं होतं.

आपल्याला सांगायला नको, पण हे पत्र इतर लोकही वाचतील म्हणून लिहितो. पुरुष कामगाराचा पगार महिन्याला दहा हजारांच्या वर गेला की अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापायचे, वर्षाचे २,५०० पुरे करायचे. राज्यघटनेने या कराला २,५०० चीच मर्यादा घातली आहे आणि ती १९८८ पासून तशीच आहे. त्यामुळे शेवटच्या शंभराची भर्ती फेब्रुवारीत होते. महिना सगळ्यांत लहान, त्यात रोजावर असलेल्याच्या हजेऱ्या कमी, आणि कपात सगळ्यांत मोठी. कोणी मुद्दाम केलं असेल असं नाही. कोणी बघितलंच नाही, एवढंच.

आता त्या टाळ्यांचं. २०१४ मध्ये आयकराची मर्यादा दोन लाखांची अडीच झाली. २०१९ मध्ये सवलत देऊन पाच लाखांपर्यंतचं उत्पन्न मोकळं केलं, २०२३ मध्ये नव्या पद्धतीत सात लाख, आता बारा, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा. प्रत्येक वेळी 'सामान्य माणसाला दिलासा' अशी हेडलाइन झाली आणि प्रत्येक निवडणुकीत त्यावर भाषणं झाली. आमच्या मामांचं वर्षाचं उत्पन्न १ लाख ६२ हजार. २०१४ च्या अडीच लाखांपर्यंतही ते पोचत नाहीत, म्हणजे अकरा वर्षांतल्या एकाही घोषणेने त्यांचा एक रुपया वाचलेला नाही. जो कर त्यांनी कधी भरलाच नाही तो त्यांना चार वेळा माफ झाला.

आणि जो ते खरोखर भरतात, त्याची मर्यादा किती? महिन्याला साडेसात हजार; त्यावर दहा हजारांपर्यंत १७५, पुढे ते दोनशे. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी, जुलै २०१४ मध्ये, ती पाच हजारांवरून साडेसात झाली होती. पुरुषांसाठी ती आजही तिथेच आहे. आयकराची माफी महिन्याला लाखापर्यंत गेली, आणि व्यवसाय कराची मर्यादा अजून वर्षाला नव्वद हजार.

मामा आहेत त्याच कंपनीत वर्षाला पावणेतेरा लाख पगाराचा एक इंजिनिअर आहे. चांगला माणूस आहे, दिवाळीला मामांना आठवणीने मिठाई देतो. येत्या वर्षी त्याचा आयकर शून्य आणि व्यवसाय कर २,५००. मामांचाही २,५००. त्याला शंभर रुपयांमागे वीस पैसे पडतात, मामांना दीड रुपया. मामांच्या हजेरीचे ५१९ रुपये होतात, म्हणजे वर्षातले जवळपास पाच दिवस ते फक्त या करासाठी फरशी पुसतात.

मला स्वतःला बोचतं ते वेगळंच. किमान वेतन कोण ठरवतं? आपलंच सरकार. कामगार विभाग दर जानेवारी-जुलैला महागाईच्या निर्देशांकावरून विशेष भत्ता काढतो आणि सांगतो, याखाली माणसाला राबवून घेता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने तर १९८२ मध्ये एशियाडच्या कामगारांच्या खटल्यात सांगून ठेवलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच. उद्या आमच्या मालकाने माणशी दोनशे कमी दिले तर कामगार अधिकारी दारात उभे राहतील, राहायलाच हवेत. पण तेच दोनशे मी सरकारसाठी कापले नाहीत तर दुसऱ्या विभागाची नोटीस येते, व्याज आणि दंडासकट. एका हाताने किमान ठरवायचं आणि दुसऱ्या हाताने त्यातून काढून घ्यायचं, हे एकाच सरकारचे दोन हात आहेत.

हा कर आला कशासाठी, हेही विसरून चालणार नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची ती कल्पना. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराने, व्यापाऱ्याने थोडा भार उचलायचा आणि सरकारने तितकीच भर घालायची, म्हणजे खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम मिळेल. इतका सरळ विचार करांच्या कायद्यात क्वचित दिसतो. मला त्याचा आदर आहे, आजही.

पण मामा बीड जिल्ह्यातले. बहात्तरला त्यांच्या आईने दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. पुढे रोजगार हमीच्या पाझर तलावावर वडील कामाला गेले. ज्या घरासाठी तो कर लावला, त्याच घरातला मुलगा शहरात झाडू मारायला आला आणि पहिल्याच पगारात 'नोकरदार' ठरला. खेड्याला हात देणारा वर्ग म्हणून सरकारने ज्याला धरलं, तो हाच. पीएफची पासबुक त्याला मोबाइलवर दिसते. ईएसआयसीचं कार्ड घेऊन बायकोला दवाखान्यात नेता येतं. पीटीचं काय, असं विचारलं तर मी रोजगार हमीचा इतिहास सांगायचा? एकदा सांगून पाहिला. "म्हंजी आमच्याकडूनच घेऊन आम्हालाच दिलं व्हय," म्हणाले.

आज महिला दिन आहे, तेव्हा एक चांगलं पाऊल सांगायलाच हवं. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्याने महिलांसाठी ही मर्यादा दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर नेली. तेव्हापासून आमच्याकडच्या एकाही मावशीचा पीटी कापला जात नाही. आमच्याकडे एक जोडपं आहे, एकाच कंपनीत, एकाच पाळीत, तोच पगार. तिच्या स्लिपवर शून्य, त्याच्या स्लिपवर दोनशे. तिला मिळालं ते योग्यच, ते काढून घ्या असं कोणी म्हणणार नाही. पण दोघांचे पैसे एकाच डब्यात पडतात, आणि त्याच डब्यातून भाडं जातं, हे सरकारलाही ठाऊक असेल. कर्नाटकाने २०२३ मध्येच बाई-पुरुष भेद न करता पंचवीस हजारांची मर्यादा केली. दिल्लीत आणि उत्तर प्रदेशात तर हा करच नाही.

सूट कोणाला, ती यादी मी अधूनमधून वाचतो. दिव्यांग आहेत, पासष्टच्या वरचे आहेत, तिथवर ठीक. कापड गिरण्यांतले बदली कामगारही आहेत! गिरणगावात टॉवर उभे राहिले, भोंगे कधीच बंद झाले, पण कायद्यात बदली कामगाराची सूट शाबूत आहे. म्हणजे पूर्वी कोणाला तरी सुचलं होतं की ज्याची हजेरी बेभरवशाची त्याच्याकडून हा कर घेऊ नये. आजचा बदली कामगार ठेकेदाराकडे आहे. त्याला त्या यादीत जागा नाही.

आता हिशेब सांगतो, माझ्या धंद्याचा आहे म्हणून. साडेतेरा हजारांच्या माणसाचे सात खाडे पडले तर पगार दहा हजारांच्या खाली येतो आणि पीटी २०० चा १७५ होतो. अकरा खाड्यांपर्यंत १७५ च. बारा खाडे झाले की पगार ७,२६९ वर येतो आणि कर शून्य. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने एक पोरगा पडला होता, त्याच्या स्लिपवर पहिल्यांदा पीटीच्या रकान्यात शून्य पाहिलं. इंजिनिअरला बारा लाखांपर्यंत शून्य, याला बारा खाड्यांनंतर.

तिजोरीचं काय, असं आपण विचाराल. २०२३ मध्ये महिलांना सूट दिली तेव्हाही तिजोरी हीच होती. मागणी फार मोठी नाही. पुरुषांचीही मर्यादा पंचवीस हजार करा. आणि ते अवघड वाटत असेल तर निदान एवढं लिहा, की त्या त्या परिमंडळात लागू असलेल्या किमान वेतनावर व्यवसाय कर नाही. आकडा घातला की तो पुन्हा अकरा वर्षं पडून राहतो. किमान वेतनाला बांधलं तर जानेवारी-जुलैला तो आपोआप पुढे सरकेल, निवडणुकीची वाट बघावी लागणार नाही.

आमच्या बाजूने अडचण काहीच नाही. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये पुरुष आणि महिला अशा दोन ओळी आहेत. एप्रिल २०२३ मध्ये महिलांच्या ओळीत मी स्वतः २५,००० टाकले, दोन मिनिटं लागली. वरच्या ओळीत अजून ७,५०० आहेत. मार्चचं पगारपत्रक १ एप्रिलला सुरू करतो.

आपला,
पगारपत्रकं करणारा एक कारकून,
भोसरी