सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडं उद्यमनगरात इंजिनाचा पार्ट न् पार्ट बनतो, तरी गाडीची एक तुटकी वायर सापडायला मला दीड महिना लागला, म्हणून हे पत्र लिहितोय, बाकीच्यांचे पैसे तरी वाचावेत.

पावसाळ्यात गगनबावड्याला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी चालू केली की रेडिएटरचा फॅन लगेच फुल स्पीडनं सुरू, मीटरवर चेक इंजिनचा दिवा, आणि पेट्रोल तर लई खायला लागली. गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीतल्या कॉम्प्युटरमधले दोष वाचायचं यंत्र) लावला, पी ०११८ हा दोषाचा कोड आला, लगेच कूलंट टेंपरेचर सेन्सर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणारा पार्ट, बदलला. दोन दिवस बरं, परत दिवा. परत नवा सेन्सर. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाले ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, हजारोंचा खर्च आहे.

मग एका मित्रानं उद्यमनगरातल्या एका जुन्या वायरिंगवाल्या मिस्त्रींकडं पाठवलं. त्यांनी आधी स्कॅनरची स्क्रीन दाखवली, इंजिनला हात लावला तर चटका बसेल आणि तापमानाचा आकडा उणे ४०! सर्किट तुटलं की ईसीयूला असंच दिसतं, कारण हा सेन्सर म्हणजे तापला की रेझिस्टन्स कमी होणारा एक तुकडा, बऱ्याच गाड्यांत थंड असताना दोन-तीन हजार ओम आणि इंजिन पूर्ण तापल्यावर दोन-तीनशे, आणि ईसीयू पाच व्होल्ट पाठवून त्यातले किती उरले ते बघतो. सगळेच उरले की तो समजतो बाहेर बर्फ पडलाय. आणि तापमानाचा भरवसा राहिला नाही की इंजिन वाचवायला फॅन कायम फिरवतो.

त्यांनी सेन्सरचं कनेक्टर काढलं आणि त्याच्या, म्हणजे वायरिंगकडच्या, दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या. वायरिंग चांगली असती तर आकडा उणे ४० वरनं थेट १३०-१४० च्या आसपास उडी मारायला पाहिजे होता, म्हणजे दोष सेन्सरचा. आमचा हललाच नाही. मग व्होल्ट-ओम मोजायच्या मल्टिमीटरनं बघितलं तर सिग्नलच्या पिनेवर पाच व्होल्ट व्यवस्थित, तीच पीन बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवली आणि आकडा उडाला. ‘सेन्सर काय करणार साहेब, त्याला अर्थिंगच पोचंना झालंय,’ एवढंच बोलले. बॅटरीखालच्या लूममध्ये (वायरींच्या जुडग्यात) अर्थिंगची, म्हणजे निगेटिव्हकडं जाणारी, वायर वरनं चांगली, आत तांबं हिरवं पडून तुटलेलं. गॅरेजवाल्यांचा हात लागला की वायर तेवढ्यापुरती टेकायची, म्हणून दोन दिवस गाडी बरी चालायची. कापून नवा तुकडा सोल्डर केला, वर स्लीव्ह चढवली, अर्धा तास. एक मात्र त्यांनी बजावून सांगितलं, या सर्किटला बॅटरीचा प्लस चुकूनही लावायचा नाही, ईसीयू खरंच जाईल.

माझी तक्रार त्या एका गॅरेजवर नाही, पोरं मेहनती आहेत. पण कोडमध्ये सेन्सरचं नाव दिसलं की सेन्सरच टाकायचा ही सवय चुकीची आहे, ०११८ चा अर्थ फक्त सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त दिसतंय एवढाच, ०११७ चा उलटा. काही गाड्या कोड आल्यावर खरा आकडा न दाखवता आपलाच बदली आकडा दाखवतात, तिथं आधी कोड पुसून बघावं लागतं, हे पण पोरांना कुणीतरी शिकवायला पाहिजे ना? आयटीआयमध्ये मल्टिमीटर हातात देऊन हे एकदा करून घ्यावं, आणि गॅरेजवाल्यांनी बिलावर पार्टच्या नावाबरोबर काय तपासलं ते पण लिहावं. गाडीवाल्यांनी एवढंच करावं, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट करायच्या आधी स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान दाखवायला सांगावं, दोन्ही जवळजवळ सारखी दिसायला पाहिजेत.

माझे दोन्ही काढलेले सेन्सर मिस्त्रींनी गरम पाण्यात बुडवून मल्टिमीटरला लावून बघितले, दोन्ही चांगले निघाले.

आपला,
एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर