‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असे नेमके कोण सांगते आहे?

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

शाळेला देणगीत मिळालेल्या एका जुन्या लॅपटॉपचे वायफाय काही केल्या सुरू होईना, तेव्हा आपण सलग तीन संध्याकाळी फोनवर माझ्यासोबत बसलात, त्याबद्दल हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण याच जागी अडलेले आणि माझ्याच चुकीच्या वाटेने निघालेले आणखी कोणी नक्की असतील.

लिनक्स ही संगणकप्रणाली टाकल्यापासून त्या लॅपटॉपवर ‘हार्डवेअर स्विचने वायफाय बंद आहे’ असा संदेश येत होता आणि लॅपटॉपला स्विचच नव्हता. चारही कडा मी बोटांनी चाचपून पाहिल्या होत्या. शेवटी वायफाय कार्ड काढून त्याच्या विसाव्या पिनेवर चिकटपट्टी लावली. मिनी पीसीआय एक्स्प्रेस या प्रकारच्या अशा कार्डाच्या त्या पिनेवरचा व्होल्टेज खाली ओढला गेला की रेडिओ बंद होतो, आणि पट्टी लावून ती पिन लॅपटॉपपासून तोडली की तो बंद होत नाही. हा तोडगा खराच आहे, पण माझ्या दुखण्यावरचा नव्हता.

आपण मला ‘आरएफकिल लिस्ट’ ही, कोणता रेडिओ अडवलेला आहे ते दाखवणारी लिनक्सची आज्ञा चालवायला सांगून आलेली प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावलीत. त्यात दोन नोंदी होत्या. पहिलीत ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’, म्हणजे ‘हार्डवेअरने अडवले आहे: हो’, असे होते, तर ‘फाय-झिरो’ नावाच्या दुसरीत ‘नो’. मी पहिल्या ‘येस’वरच थांबलो होतो. आपण विचारलेत, “हे ‘येस’ कोण सांगते आहे?” दुसरी नोंद खुद्द वायफाय कार्डाच्या ड्रायव्हरची (म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामची), तो त्या विसाव्या पिनेची अवस्था कार्डाच्या रजिस्टरमधून वाचतो, म्हणजे माझी पट्टी पहिल्या दिवसापासून व्यर्थ होती. पहिली नोंद लॅपटॉपच्या प्लॅटफॉर्म ड्रायव्हरची, म्हणजे त्या मॉडेलची खास बटणे-स्विच सांभाळणाऱ्या ड्रायव्हरची. तो फर्मवेअरला, म्हणजे लॅपटॉपमध्येच बसवलेल्या मूळ प्रोग्रामला, स्विचची अवस्था विचारतो. स्विचच नसल्यामुळे फर्मवेअर शून्य उत्तर देते, आणि ड्रायव्हर त्या शून्याचा अर्थ ‘बंद’ असा लावतो. नेटवर्क जोडणारा नेटवर्क मॅनेजर हा प्रोग्राम बाजूला ठेवून वायफायचा इंटरफेस हाताने चालू केला, तर स्कॅनमध्ये कार्यालयातले नेटवर्क लगेच दिसले. रेडिओ ठणठणीत होता.

मात्र मला सर्वांत जास्त शिकवले ते माझ्या पहिल्या पॅचवरच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या कोडमधल्या दुरुस्तीवरच्या, आपल्या आक्षेपाने. मी ड्रायव्हरमध्ये स्विचची अवस्था सरसकट ‘अडवलेले नाही’ अशी कळवून मोकळा झालो होतो. ज्यांच्या लॅपटॉपला खरोखरच सरकता स्विच आहे, त्यांनी तो बंद केल्यावर पडद्यावर रेडिओ चालू दिसेल आणि हे खोटे आपल्या नावावर जाईल, असे आपण म्हणालात. म्हणून दुरुस्ती फक्त त्या मॉडेलपुरती हवी: बायोसमधली डीएमआय माहिती (लॅपटॉपची कंपनी आणि मॉडेल सांगणारी) जुळली, तर हार्डवेअर स्विचची नोंदच विचारात घ्यायची नाही. लिनक्सच्या वायरलेस भागाचे विकासक जोहानेस बर्ग यांनी 2009 मध्ये आरएफकिल नव्याने लिहिले तेव्हापासूनची रचनाही आपण त्याच ओघात समजावलीत. हार्ड (हार्डवेअरने अडवणे) आणि सॉफ्ट (वापरकर्त्याने सॉफ्टवेअरमधून अडवणे) या दोन स्वतंत्र अवस्था आहेत आणि दोहोंपैकी एक जरी अडवलेली असली तरी रेडिओ बंदच राहतो. स्विच परत चालू केला म्हणून वापरकर्त्याने स्वतः बंद केलेले ब्लूटूथ आपोआप सुरू होता कामा नये. ड्रायव्हरने हार्डवेअरची अवस्था फक्त कळवायची, सॉफ्ट अवस्थेला हात लावायचा नाही. ही शिस्त मी कोड वाचूनही पकडली नसती, हे प्रामाणिकपणे कबूल करतो.

पॅचचे वर्णन आपण दोनदा परत पाठवलेत. पहिल्यांदा राग आला होता, तोही येथेच नोंदवतो. ‘वायफाय दुरुस्त केले’ या माझ्या ओळीऐवजी कोणते मॉडेल, फर्मवेअर काय उत्तर देते आणि ड्रायव्हर त्याचा काय अर्थ लावतो, हे तीन वाक्यांत लिहिल्यावर मला स्वतःलाच कारण अधिक स्पष्ट दिसले.

आता तो लॅपटॉप सातवीच्या वर्गात आहे आणि ‘आरएफकिल लिस्ट’मध्ये एकच नोंद दिसते. चिकटपट्टी काढली, पिनेवरचा डिंक स्पिरिटने पुसला. पुण्यास येणे झाले की प्रत्यक्ष भेटून आभार मानीनच.

आपला नम्र,
संगणक विभागातील एक शिक्षक