गाडीचं काय ठरलं

मुलुंड, मुंबई

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना,
सा. न. वि. वि.

गाडीचं काय झालं, हे बाबा फोनवर रोज विचारतात आणि मी "बघतो" एवढंच म्हणतो. फोनवर हे धड सांगून होणार नाही. पावसात तिकडे गावाला रेंज जाते, आणि मी काही बोलायच्या आत बाबा "घेऊन टाक" म्हणतात नि फोन आईकडे देतात. म्हणून सगळं लिहून पाठवतोय. बाबा, आईलाही वाचून दाखवा. यात तिचं बरंच आहे.

गाडी लँड रोव्हर डिस्कव्हरी ४. २०१४ची, डिझेल, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. मालक वर्सोव्याचे, वयाने बाबांच्याच आसपास. मुलं परदेशात, आणि डोळ्यांमुळे त्यांनी स्वतः गाडी चालवणं सोडलंय. एमएच ०२ पासिंग, पहिलाच हात, आरसीवरची बँकेची नोंद रीतसर काढलेली. अठरा लाख सांगतात. त्याआधी एका एजंटने दिल्ली पासिंगची तशीच गाडी बऱ्याच कमी पैशात दाखवली होती. तिकडे २०१५ मध्ये हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांविरुद्ध आदेश दिला, तेव्हापासून या मोठ्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येतात. पण इथे आणायची तर तिकडची एनओसी काढा, महाराष्ट्राचा कर नव्याने भरा. ती मी बघायलाही गेलो नाही.

बाबा, तुमचा जीव या गाडीत का अडकलाय ते मला माहीत आहे. कोयना प्रकल्पाच्या अलोऱ्याच्या कॉलनीत सकाळी साहेबांना घ्यायला निघायच्या आधी तुम्ही जीपचं बॉनेट उघडून डिपस्टिक पुसायचात, ते मी पायरीवर बसून बघायचो. कोयनेच्या चौथ्या टप्प्याचं काम चालू असताना बोगद्यातून, चिखलातून, कुंभार्ली घाटातल्या धुक्यातून तुम्ही ती जीप हाकलीत. १३ मार्च १९९९ ला लेक टॅपिंग झालं, म्हणजे बोगद्यातून स्फोट करून जलाशयाचा तळ फोडला, त्या दिवशी इंजिनिअरांना घेऊन गेलात आणि रात्री घरी येऊन जेवलासुद्धा नाहीत, नुसतं सांगत बसलात. तर तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगतो. लँड रोव्हरचा जन्मच जीपमधून झालाय. इंग्लंडच्या रोव्हर कंपनीतल्या मॉरिस विल्क्स नावाच्या इंजिनिअरची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती. तिथे तो युद्धातून उरलेली विलीज जीप वापरायचा. ती झिजल्यावर पुढे काय, या विचारातून त्याने गाडी काढली, आणि पहिला नमुना चक्क जीपच्याच चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर बांधला. पोलादाची टंचाई होती म्हणून बॉडी ॲल्युमिनियमची केली. १९४८च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. पुढच्याच वर्षी इकडे माझगावात महिंद्रांनी पहिली विलीज जीप बांधली. तुमच्या हातातली जीप त्याच घराण्यातली. आणि २००८ पासून लँड रोव्हर टाटांची आहे, हे तुम्ही मला सांगूनच बसला आहात.

गाडी बघायला कुर्ल्याच्या मेकॅनिक उस्तादांना घेऊन गेलो होतो. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. बुडालेली गाडी कितीही धुतली तरी बेल्टचा जो भाग एरवी आत गुंडाळलेला असतो, त्याच्यावर गढूळ पाण्याची रेघ राहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईत जाणता माणूस जुनी गाडी घेताना हे बघितल्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि २०२१च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर किती गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. या गाडीचा बेल्ट स्वच्छ होता. सीटखालच्या पट्ट्यांना गंज नाही, कार्पेट उचलून नाक लावलं तर कुबट वास नाही.

मग त्यांनी टेप काढला. या गाडीला लोखंडी स्प्रिंग नाहीत. त्यांच्या जागी हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात आणि एक कॉम्प्रेसर त्यांना हवा पुरवतो. कुठे बारीक गळती असेल तर रात्रभर उभी राहिलेली गाडी त्या कोपऱ्यात खाली बसते. म्हणून संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांना चावी लावू न देता परत मोजलं. चारही कोपऱ्यांत एका सुताचाही फरक नाही. थंड इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं, धूर नाही, आवाज एकसारखा. टायरवरचा चार आकडी कोड वाचून ते कुठल्या वर्षाच्या कुठल्या आठवड्यात तयार झाले तेही बघितलं. उस्ताद सहसा कुठल्या गाडीची तारीफ करत नाहीत. ही बघून म्हणाले, "सांभाळलीय माणसाने."

मी आरे कॉलनीतून चालवून आलो. बाबा, अशी गाडी मी याआधी चालवली नव्हती. खड्डा दिसतो, गाडी त्याच्यावरून जाते आणि आत काही कळत नाही. उंच बसून पुढचं सगळं दिसतं. गिअरपाशी एक गोल बटण आहे, ते चिखल, वाळू, दगड यांपैकी कशावर फिरवाल तसं गाडी आपलं इंजिन, गिअर, ब्रेक जुळवून घेते. उतारावर ब्रेकला पाय न लावता ती स्वतः धिम्या गतीने उतरते. तुम्ही जे लो गिअर टाकून पायांनी करत होतात, ते ती आपणहून करते. मला ती मनापासून आवडली.

आई, आता तुझ्याबद्दल. एवढ्या उंच गाडीत मी चढणार कशी, असं तू म्हणालीस. तिला एक बटण आहे. दाबलं की पिशव्यांतली हवा कमी होऊन गाडी साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच खाली बसते. तुझ्या गुडघ्यांना ते दोन इंच किती मोठे आहेत ते मला माहीत आहे. पण ज्या पिशव्या आणि जो कॉम्प्रेसर तुला आत बसवणार, त्यांचाच खर्च अशा जुन्या गाडीत आज ना उद्या निघतो. रबर वयाने चिरतं, आणि पिशवी गळायला लागली की कॉम्प्रेसर जास्त चालून चालून संपतो. आज टेपने ती पास झाली. अकरा वर्षांवरचं रबर पुढच्या दोन पावसाळ्यांत काय करेल, हे कुठलाही उस्ताद लिहून देणार नाही.

खर्चाचं बाबांना नीट सांगतो. गाडी अठरा लाखांना मिळते, पण तिचे पार्ट काही अठरा लाखांच्या गाडीच्या भावात मिळत नाहीत. नवी असताना ती ज्या वर्गातली होती, त्याच भावात मिळतात. टर्बोसारखं इंजिनाच्या मागच्या बाजूचं काम निघालं, तर पुष्कळ मेकॅनिक अख्खी बॉडीच चॅसीवरून वर उचलतात, कारण हात घालायला जागा नसते. नुसती मजुरी किती होईल बघा. या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे आतला मुख्य फिरता दांडा, तुटल्याच्या तक्रारी वेगवेगळ्या देशांतल्या मालकांनी केल्यात. सगळ्यांच्या बाबतीत होत नाही, पण ज्याच्या बाबतीत होतं त्याचं इंजिनच जातं. विम्याचं म्हणाल, तर इतक्या जुन्या गाडीला झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे घसारा न कापणारा विमा, सहसा कुणी देत नाही. साधा विमा असेल तर प्लास्टिक-रबरावर ५० टक्के घसारा, आणि गाडी दहा वर्षांवरची असली की धातूच्या भागांवरही ५० टक्के. म्हणजे कुठे ठोकली तर पार्टचं जवळपास निम्मं बिल आपल्या खिशातून. त्यात २०२९ ला पंधरा वर्षं भरतात. मग फिटनेस, फेरनोंदणी, पर्यावरण कर. त्या सुमाराला ती विकायला काढली तर घेणारा कोण?

आणि आई, तू एकच प्रश्न विचारला होतास, "ठेवशील कुठे?" रिडेव्हलपमेंटनंतर आपल्या बिल्डिंगमध्ये स्टॅक पार्किंग आलंय, लोखंडी फळ्यांवर एकावर एक गाड्या. माझ्या वाट्याच्या फळीवर पाटी आहे, कमाल वजन २००० किलो. डिस्कव्हरी रिकामीच अडीच टनांच्या वर जाते, आणि १.८८ मीटर उंचीची गाडी वरच्या फळीखाली मावतच नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं, त्यांनी हात जोडले. पार्किंग भाड्याने घेऊन रोज वीस मिनिटं चालत जाणं जमेल, तोही विचार मी केला होता.

इतकं सगळं असूनही मी घेतली असती. खर्च मी सोसला असता. ज्या कारणासाठी ही गाडी माझ्या डोक्यात आली, ते कारण वेगळंच आहे, आणि ते बोललो नाही तर या पत्राला अर्थ नाही.

गेल्या पावसाळ्यात आईला रात्री दम लागला. वाडीतल्या पोरांनी तिला खुर्चीत बसवून पायऱ्यांची पाखाडी उतरवली, ओढ्यावरच्या साकवावरून पलीकडे डांबरी रस्त्यापर्यंत नेली आणि तिथून रिक्षाने डेरवणच्या हॉस्पिटलात पोचवली. मी इथे मुलुंडला फोन कानाला लावून उभा होतो. तुम्ही दोघांनी नंतर मला धीर दिलात, "वेळेत झालं सगळं" म्हणालात. पण ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या पोरांचे पाय शेवाळावरून घसरले असते तर काय झालं असतं, हा विचार मला रात्री उठवतो. वहाळातून पार होऊन थेट खळ्यात येईल अशी गाडी मी शोधायला लागलो ती तेव्हापासून.

डिस्कव्हरीच्या माहितीत लिहिलंय की ती ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते. उन्हाळ्यात आपल्या वहाळातून ती सहज येईल, ट्रॅक्टर येतोच की. पण तो आकडा संथ पाण्याचा नि टणक तळाचा. जुलैत वहाळ तांबडा होऊन धोंडे लोटत येतो. ज्या पाण्याचा तळ दिसत नाही त्यात गाडी घालायची नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत, बाबा. हवेच्या वाटेने पाणी इंजिनात गेलं तर गाडी लँड रोव्हर असो नाहीतर रिक्षा, जागच्या जागी बंद पडते. आणि पाणी बाजूला ठेवलं, तरी गाडी असणार मुंबईत. चिपळूण इथून अडीचशे किलोमीटर. परशुराम घाट मोकळा असेल, हायवे चालू असेल, तरी मी पोचणार पाच-सहा तासांनी. रात्री दोन वाजता आईला लागणारी गाडी मुंबईत उभी राहून तिच्या काय कामाची?

म्हणून मी गाडी घेणार नाही. वर्सोव्याच्या गृहस्थांना तसं सांगून आलो. त्यांनी वाईट मानून घेतलं नाही. तुमच्याबद्दल सांगितलं तर म्हणाले, गाडी विकेपर्यंत वडील मुंबईत आले तर चक्कर मारायला जरूर घेऊन या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. साकवाच्या वरच्या अंगाला वहाळ अरुंद आहे. तिथे सिमेंटचे मोठे पाईप टाकून मोरी बांधायची आणि तिथून आपल्या खळ्यापर्यंत नऊ-दहा फुटांचा रस्ता काढायचा, खाली दगडाचं सोलिंग, चढावर काँक्रीट. मे महिन्यात आलो होतो तेव्हा चिपळूणच्या एका ठेकेदाराला जागा दाखवून ठेवली होती. त्याच्या अंदाजाने गाडीच्या निम्म्या पैशात काम होतं. रस्ता झाला की वाडीतली रिक्षा दारात येईल, १०८ची ॲम्ब्युलन्स दारात येईल, खालच्या घरातल्या म्हाताऱ्यांचीही सोय होईल.

अडचण जमिनीची आहे. मधली पट्टी आप्पाकाकांच्या नावावर आहे, आणि दगडी गडगा मागे घ्यायचा तर दोन कलमी झाडं जातात. गडग्यावरून तुमच्यात जे झालं त्याला खूप वर्षं झाली, पण आप्पाकाका ते विसरलेले नाहीत नि तुम्हीही नाही. मी मधे पडून बोलणं बरं दिसणार नाही, बाबा. तुम्हीच जायला हवं. पट्टीचे पैसे द्यायची माझी तयारी आहे, कलमांचेही देऊ. त्यांना हवी असेल तर त्यांच्या अंगणापर्यंतही वाट काढू. फक्त जे ठरेल ते स्टॅम्प पेपरवर यावं, म्हणजे पुढे माझ्यात नि त्यांच्या मुलांत काही राहणार नाही. वहाळ सरकारी आहे, तेव्हा मोरीसाठी ग्रामपंचायतीत अर्ज लागेल. तो मी लिहून पाठवतो, तुम्ही सही करून आवक-जावकचा शिक्का घ्या.

पाऊस गेल्याशिवाय काम सुरू होणार नाही, पण ठेकेदाराला दिवाळीनंतरची तारीख आत्ताच द्यावी लागेल. गणपतीला आप्पाकाका आरतीला आपल्याकडे येतातच. त्याच्या आधी एकदा जाऊन या. आईला बरोबर न्या, तिच्या शब्दाला ते नाही म्हणत नाहीत. काय म्हणाले ते लगेच कळवा.

आई, गोळ्या बदलून दिल्यापासून सकाळी पाय सुजतात का, तेही कळव. मेघना आणि ओमचा नमस्कार.

तुमचा,
मंदार