कॅम्पातल्या टीचरना, एका पेटीवाल्याकडून

आदरणीय टीचर,

हे पत्र तुमच्या घरी आणून देता आलं असतं. पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण बेळगाव, खानापूर, निपाणीच्या भजनी मंडळांत आणि क्लासांत बोटं अडलेले पेटीवाले, तबलजी आणखीही असतील, आणि ते गप्प बसले असतील.

माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका पेटीवर ठेवली की आत वळायची. दुखत काहीच नव्हतं. चहाचा कप धरता यायचा, सही करता यायची. पट्ट्यांवर हात गेला की मात्र बोटं मिटायची. कुणी मानेचा मणका म्हणालं, कुणी मनाचे खेळ. एका डॉक्टरांनी तेल लावून शेकायला सांगितलं. घरच्यांना वाटलं, रियाज कमी पडतोय. थोर पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या या गावात पेटी ऐकणाऱ्यांचे कान तिखट, त्यामुळे मी साथीची आमंत्रणंच नाकारायला लागलो.

शाळेच्या कार्यक्रमात तुम्ही पुढच्या रांगेत होता. सगळे गाणं ऐकत होते, तुम्ही माझा हात बघत होता. नंतर जवळ येऊन एवढंच विचारलंत, "हे कधीपासून?" आणि मग, "हा आजार आहे. याला नाव आहे." फोकल डिस्टोनिया. बोटं धड असतात, पण वर्षानुवर्षं एकच बारीक हालचाल केलेल्या हाताला मेंदूकडून जाणारे हुकूम गोंधळतात. ते नाव ऐकूनच मला अर्धं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही पियानोपाशी बसवून अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशरची गोष्ट सांगितलीत. सॅन फ्रान्सिस्कोत १९२८ साली जन्मलेला मुलगा. लहानपणीच नामवंत पियानोवादक आर्तुर श्नाबेलनी त्याला शिष्य केलं. श्नाबेल लेशेटिट्स्कींचे शिष्य, लेशेटिट्स्की चेर्नींचे आणि चेर्नी खुद्द बेथोव्हनचे. तुम्ही हे सांगत होता आणि माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडे गेला. सोळाव्या वर्षी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर वादन, १९५२ साली ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत पहिला नंबर. आणि १९६४ च्या सुमारास, ऐन छत्तिशीत, उजव्या हाताची तीच दोन बोटं! अनामिका आणि करंगळी.

पुढची जवळजवळ तीस वर्षं त्यांना उजवा हात मैफलीत नीट वापरता आला नाही. आजाराचं खरं नाव कळायलाच कितीतरी वर्षं गेली. जीव द्यावा असंही त्यांच्या मनात येऊन गेलं होतं, हेही तुम्ही माझ्यापासून लपवलं नाहीत. पण मला विचाराल तर फ्लायशर खरे मोठे झाले ते याच काळात. बाल्टिमोरच्या पीबडी संगीत संस्थेत शिकवणं चालूच ठेवलं, वाद्यवृंदाचं संचालन हाती घेतलं, आणि एकट्या डाव्या हातासाठी लिहिलेलं संगीत घेऊन पुन्हा रंगमंचावर आले. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या पियानोवादक पॉल विटगेनस्टाइनसाठी फ्रेंच संगीतकार राव्हेलनं रचलेला कन्सर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदाची रचना, त्यातलाच. तो तुम्ही मला ऐकवलात तेव्हा हे सगळं एकच हात वाजवतोय यावर माझा विश्वास बसेना. नव्वदच्या दशकात आखडलेले स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं आणि स्नायूंच्या मसाजनं फ्लायशरना दोन्ही हातांनी वाजवता येऊ लागलं. २००४ मध्ये तशी ध्वनिमुद्रिका निघाली. आजार पुरता गेला नव्हता, तरी वाजवत राहिले. २०२० मध्ये, ब्याण्णवाव्या वर्षी गेले.

गोष्ट सांगून तुम्ही थांबला नाहीत. मेंदूविकार तज्ज्ञांची वेळ घेतलीत, बरोबर आलात, आणि मला धड सांगता येईना तेव्हा माझी बोटं नेमकी कुठल्या सुरावर वळतात ते तुम्हीच त्यांना सांगितलंत. मग म्हणालात, "तुझ्या पेटीला तर भाता कुठल्याही हातानं मारता येतो. बदल हात." डाव्या हाताला सगळा हिशेब उलटा! चढताना उजव्या हाताचा अंगठा बोटांखालून जातो. डाव्यात बोटांनाच अंगठ्यावरून उडी मारावी लागते. साधी यमनची सरगमसुद्धा नव्यानं शिकावी लागली. तुम्ही तुमच्या पियानोवर बसवून तासन्‌तास डाव्या हाताचे पलटे घोटून घेतलेत. मधेच कोंकणीत रागावायचात, आणि कॉफी आणायला उठायचात. फीचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: "आधी सा नीट लाव."

उजव्या हाताचे उपचार चालू आहेत. द्रुत ताना डाव्या हाताला अजून जमत नाहीत, पण अभंगाला आणि कानडी दासरपदाला साथ करतो, आणि गाणारे पुन्हा बोलावू लागलेत.

ज्यांची बोटं अशी वळत असतील त्यांनी जोर लावून रियाज वाढवू नये, आधी मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवावं. आणि टीचर, येत्या एकादशीला शहापुरात आमचं भजन आहे. तुम्ही यायलाच हवं. तुम्हाला आणायला मी रिक्षा घेऊन येतो, संध्याकाळी तयार राहा.

तुमचा विद्यार्थी,
शहापूर, बेळगाव