तान्ह्या बाळाचे वजन रोज कशाला?

संपादक महोदय,

बाळ घरी येण्याआधीच खरेदीच्या यादीत हल्ली वजनकाटा असतो. पूर्ण दिवसांच्या, नीट दूध ओढणाऱ्या बाळासाठी तो लागत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. घेतलाच असेल तर निदान रोज वापरू नये. याचे कारण साध्या बेरीज-वजाबाकीत आहे.

पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅमने वाढते. एका वेळी बाळ ७० मिलि दूध प्यायले, तर तेवढ्यानेच काटा सुमारे ७० ग्रॅम पुढे जातो. एक लघवी २०-३० ग्रॅमची. ओला डायपर तर सहज शंभराच्या पुढे. आता सोमवारी पाजल्यावर वजन केले आणि मंगळवारी पाजण्याआधी, तर ३० ग्रॅमने वाढलेले बाळ काट्यावर ४० ग्रॅमने उतरलेले दिसते. हेच उलट केले तर एका दिवसात १०० ग्रॅम वाढले म्हणून घरात आनंदीआनंद! दोन्ही आकडे काट्याने बरोबरच दाखवले. पण त्यात वाढ कमी आणि पोटातले दूध जास्त होते.

यात नुकसान होते ते आईच्या दुधाचे. ‘वजन उतरले’ म्हणून संध्याकाळी वरच्या दुधाची बाटली दिली जाते. पोट भरलेले बाळ पुढच्या वेळी अंगावर कमी ओढते, आणि जेवढे ओढले जाते तेवढेच दूध तयार होत असल्याने पान्हा खरोखरच घटू लागतो. काट्याने उभा केलेला खोटा प्रश्न आठवड्या-दोन आठवड्यांत खरा होतो.

पहिल्या आठवड्यात तर वजन उतरणारच. ३ किलोचे बाळ चौथ्या दिवशी २ किलो ८०० ग्रॅम भरले तर घाबरण्यासारखे काही नाही. बाळंतपणात आईला सलाइन बरेच दिलेले असेल तर जन्माचे वजनच थोडे फुगलेले असते आणि पहिल्या दिवसाच्या लघवीत ते ओसरते. मात्र घट १० टक्क्यांवर गेली, म्हणजे हेच बाळ २ किलो ७०० च्या खाली आले, किंवा दोन आठवडे झाले तरी जन्मवजन गाठले नाही, तर बाळ तपासायला हवे आणि ते दूध कसे ओढते हे कोणी जाणत्याने समोर बसून पाहायला हवे. या दिवसांतले वजन दवाखान्यातल्या काट्यावर, तपासणीच्या वेळी व्हावे. घरी त्याऐवजी लंगोट मोजावेत. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा भरपूर, फिकट लघवी. काळी शी जाऊन चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळसर शी. पिताना गिळल्याचा आवाज. एवढे असेल तर दूध पोटात जाते आहे. तयार डायपरमध्ये ओल कळत नाही, ही तक्रार रास्त आहे. त्यासाठी एका कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात तोलून पाहावा. एवढा जड लागला की तो ‘ओला’ धरायचा. दीड महिन्यानंतर अंगावर पिणाऱ्या बाळाला दोन-चार दिवस शी झाली नाही तरी चालते. लघवी मात्र कमी होता कामा नये.

काही बाळांसाठी घरचा काटा खरोखर उपयोगी पडतो. कमी दिवसांचे, अडीच किलोहून कमी वजनाचे, हृदयाचा दोष किंवा तोंडातली टाळू फाटलेली असलेले बाळ, सुरुवातीला वजन फारच उतरलेले बाळ, किंवा दवाखाना लांब असलेले कुटुंब. पण तेव्हाही किती दिवसांनी वजन करायचे आणि कोणत्या आकड्याला फोन करायचा, या दोन गोष्टी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात. त्या ठरल्या नसतील तर घरचा आकडा नुसता काळजीत भर घालतो.

वजन करायचेच तर पद्धत अशी. काटा कडक, सपाट फरशीवर, चारही पाय टेकलेले. सतरंजी किंवा गादीवर ठेवला की आकडा चुकतो. पातळ दुपटे आधी अंथरून मग शून्य करावे. दुपट्याची कडा जमिनीला टेकू देऊ नये, नाहीतर काही भार तिथेच जातो. बाळ पूर्ण उघडे, डायपरही नको, खोली उबदार. दर वेळी सकाळी, पाजण्याआधी. हात बाळाच्या वर, न टेकता, पण क्षणभरही दूर नाही. महिन्याचे बाळसुद्धा पाय झाडून कडेला सरकते. दोनदा मोजावे, २० ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. पडद्यावर दहा-दहा ग्रॅमचे टप्पे दिसतात म्हणून काटा तेवढा अचूक असतो असे नाही. एक किलोचे कुठलेही सीलबंद पाकीट बाजूला ठेवून प्रत्येक वजनाआधी ते तोलावे. ते १०१५ भरले तरी हरकत नाही, पण दर वेळी १०१५च भरायला हवे. मागच्या वेळेपेक्षा वेगळे आले तर आधी सेल बदलावेत. 

बाळाला कडेवर घेऊन मोठ्यांच्या काट्यावर उभे राहायचे आणि नंतर स्वतःचे वजन वजा करायचे, हा जुगाड तान्ह्या बाळासाठी निरुपयोगी आहे. तो काटा १०० ग्रॅमच्या टप्प्याने मोजत असेल, तर दोन मोजण्यांत मिळून नुसत्या पूर्णांकनाचीच चूक १०० ग्रॅमपर्यंत जाऊ शकते, आणि बाळाची आठवड्याची वाढ आहे दोनशेच्या आत-बाहेर.

आलेखाबद्दल थोडे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेले वाढीचे आलेख भारतासह सहा देशांतल्या, आईच्या दुधावर वाढलेल्या निरोगी मुलांवरून केलेले आहेत. त्यात खालच्या रेषेवर असलेले बाळ ‘नापास’ नसते. आपल्या रेषेला धरून चालले आहे ना, एवढेच पाहायचे. एकामागोमाग दोन रेषा ओलांडून खाली आले तर कारण शोधावे. घरच्या आणि दवाखान्याच्या काट्यांत शंभर ग्रॅमचा फरक सहज पडतो, म्हणून दोन्हींचे ठिपके एका रेषेने जोडू नयेत. तीन महिन्यांनंतर वेग मंदावतोच. तेव्हा आठवड्याला दोनशेऐवजी सव्वाशे ग्रॅम वाढले तर ते दूध आटल्याचे लक्षण नव्हे.

ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा पहिल्या दोन आठवड्यांनंतर निरोगी बाळाचे वजन सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, वर्षापर्यंत दोन महिन्यांतून एकदा, याहून जास्त वेळा करू नये असे सांगते. बहुतेक बाळांना एवढे पुरते, आणि लसीकरणाच्या फेऱ्यांतच ते उरकते.

उलट, आकडा छान आहे म्हणून थांबणे अधिक धोक्याचे. बाळ मलूल पडले, दूध ओढेना, सहा-आठ तास लघवी नाही, डोक्यावरची टाळू खोल गेली, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस वा जास्त ताप आला, तर काटा बाहेर काढत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.

– नवजात शिशू विभागात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका