‘तपासलेले घर’ म्हणून दाखवलेल्या खोट्या जाहिरातीबद्दल तक्रार व शुल्क परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

नागपुरात किरायाचे घर शोधण्यासाठी मी तुमच्या ॲपवर ३,५०० रुपये भरले. आईचे गुडघे गेले आहेत, तिला जिना चढवत नाही, म्हणून तळमजलाच हवा हे पहिल्याच फोनवर सांगितले होते. तुमच्या प्रतिनिधीने अंबाझरी लेआउटमधले घर सुचवले. फोटोखाली ‘प्रत्यक्ष पाहून तपासलेले’ अशी हिरवी खूण होती.

तुमचे कोणीही त्या घरात गेलेले नाही. नवा रंग मारलेल्या भिंतींना कमरेपर्यंत खार फुटला आहे. बोट लावले की पोपडा हातात येतो. ओट्याखालच्या कपाटाचे प्लायवूड फुगून दार लागत नाही. फोटोत त्याच भिंती गुळगुळीत आहेत. शेजारच्या काकूंनी सांगितले तेव्हा उलगडा झाला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा हे घर पाण्यात होते आणि आतली माणसे नेसत्या कपड्यांनिशी वरच्या मजल्यावर गेली होती. तुमचे फोटो त्याआधीचे आहेत.

त्या भागात कोणी राहू नये, असे मी म्हणत नाही. वस्ती चांगली आहे, लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पण रात्री पाणी चढले तर आईला उचलून कुठे न्यायचे, हा विचार मला डिपॉझिट देण्याआधी करता यायला हवा. काकू भेटल्या नसत्या तर मी पैसे देऊन मोकळी झाले असते.

त्रिमूर्तीनगरचे दुसरे घर केव्हाच किरायाने गेले होते. जाहिरात अजून आहे.

तिसऱ्या घरी मालक म्हणाले, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करू, रजिस्ट्रेशन नको. तुमच्या प्रतिनिधीला विचारले तर, ‘मॅडम, नागपुरात असंच चालतं.’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. घरे दाखवून पैसे घेणाऱ्या कंपनीच्या माणसाने किरायेदाराला असा सल्ला द्यावा, याचा मला फार राग आला.

ॲपवर तक्रार नोंदवली, तर ‘आपली समस्या सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज आला. फोन कोणी केला नाही.

माझे ३,५०० रुपये पंधरा दिवसांत परत करा. अंबाझरी लेआउटच्या जाहिरातीवरची खूण काढा, आजचे फोटो टाका आणि पुराचा उल्लेख करा. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तुमचे कार्यालय दुसऱ्या शहरात असले तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या ठिकाणी दाद मागता येते.

पावती, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि भिंतींचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली ग्राहक,
प्रतापनगर, नागपूर