मैदानावर नजर ठेवायला शिकवणाऱ्या दादांना

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

यंदाचा जत्रांचा हंगाम आटोपला. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "असू दे, असू दे" म्हणत विषय बदलता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय. आपल्याकडं गावोगावची कुस्तीची मैदानं लाइव्ह दाखवणारी पोरं वाढलीत, त्यांच्याही कामाला येईल.

हिंदकेसरी मारुती मानेंचा हा सांगली जिल्हा. इथल्या बघणाऱ्याला डाव कळतो. पडद्यावर पैलवानांच्या नावाची पाटी लावायच्या गडबडीत घिस्सा डाव दाखवायचा हुकला, तर नोकरीपायी पुण्या-मुंबईला गेलेला गावचा माणूस लगेच फोन करतो, आणि त्याचं बरोबरच असतं. पाटीचं काम तसं किरकोळ. स्विचरच्या, म्हणजे कॅमेरे बदलायच्या यंत्राच्या, मीडिया प्लेअरवर त्या जोडीच्या पाटीचं चित्र घ्यायचं, डीएसके (चालू दृश्यावर पाटी दाखवणारा थर) चढवायचा, जरा थांबून उतरवायचा. पण तेवढा वेळ डोळे लॅपटॉपवर राहतात, आणि चितपट व्हायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

विट्याकडच्या त्या मैदानावर हलगी सुरू व्हायच्या आधी तुम्ही माझ्या शेजारी खुर्ची ओढलीत आणि एटेम सॉफ्टवेअर कंट्रोल या स्विचर चालवायच्या प्रोग्रॅममधली मॅक्रोची खिडकी उघडलीत. मॅक्रो म्हणजे दाबलेली बटणं साठवून ठेवून पुढं एका बटणावर परत चालवायची सोय. रिकामा स्लॉट निवडून नाव दिलंत, रेकॉर्ड दाबलंत. स्क्रीनभोवती लाल चौकट आली. चित्र निवडलं, डीएसकेचं ऑटो दाबलं, आणि मी पाटी उतरायची वाट बघत बसलो. तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू थांबलास ते त्याला कळत नाही. त्याला फक्त बटणं कळतात." मग 'ॲड पॉज'मध्ये 6 सेकंद घातलेत आणि पाटी उतरवायला परत ऑटो दाबलंत. पाटी चढायला 1 सेकंद, वाचायला 5. हा पॉज नसता, तर पाटी चढायच्या आतच उतरायचा हुकूम सुटला असता.

त्याहून मोलाचं पुढं सांगितलंत. जे आपण बदलतो तेवढंच मॅक्रोत उतरतं. डीएसकेचा रेट, म्हणजे पाटी चढा-उतरायला लागणारा वेळ, आधीच 1 सेकंद असेल आणि तो मॅक्रोत हवा असेल, तर रेकॉर्डिंग चालू असताना मुद्दाम दुसरा आकडा घालून परत 1 वर आणावा लागतो. नाहीतर पुढं कुणी रेट बदलला की सगळा हिशेब चुकतो. आणि ऑटो म्हणजे आहे त्याच्या उलट, म्हणून पाटी आधीच वर असताना मॅक्रो चालवायचा नाही. इतकं फोड करून सांगणारं माणूस आमच्या धंद्यात क्वचित भेटतं. बरेच जण तयार फाइल देतात आणि आतलं स्वतःजवळ ठेवतात.

निकालाच्या मॅक्रोत तुम्ही 'यूजर वेट' घातलात, तो तर मला फार आवडतो. मॅक्रो मोठा शॉट घेतो आणि थांबतो. पंचांनी विजेत्याचा हात वर केला की मी प्ले दाबतो, मग विजेत्याची पाटी चढते. पंच किती वेळ घेतील ते सेकंदात कुणी सांगावं?

यंदा मोठ्या जोडांच्या पाट्या आदल्या रात्रीच भरून ठेवत होतो. आमच्या एटेम मिनी स्विचरमध्ये 20 चित्रं मावतात, तेवढी पुरली. माती उधळून पैलवान सलामीला आले की एक बटण दाबायचं आणि मान वर. एका मैदानावर सलामी झाल्या झाल्या घुटना डाव लागला आणि निकाल झाला. पाटी अजून पडद्यावर होती, पण माझी नजर आखाड्यात होती, म्हणून जवळच्या कॅमेऱ्यावर वेळेत कट करता आला. पाठ मातीला टेकलेली स्वच्छ दिसली. त्या कटाचं श्रेय तुमचं आहे दादा, हे मनापासून सांगतो.

सगळे मॅक्रो एक्सएमएल फाइलमध्ये सेव्ह करून तुम्हाला पाठवलेत. निकालाच्या मॅक्रोत मी पाटीच्या आधी अर्ध्या सेकंदाचा पॉज वाढवलाय, तो ठेवू का काढू ते सवडीनं बघून कळवा. वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
पलूसकडचा स्विचरवाला